भराडीआईची तारीख आणि आपलं रिझर्वेशन

दिवाळी उलटली की आमच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, 'आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख ठरली काय?' मग कुणीतरी ऐकीव तारीख टाकतो, दुसरा त्याला झापतो, आणि दरवर्षीचा वाद सुरू. एकदाची तिथी ठरवून का टाकत नाहीत? यंदा एक जण म्हणाला, "ह्या जमान्यात देवीचा कसला कौल? माघ पौर्णिमा धरा आणि मोकळे व्हा." त्याला तिथे उत्तर दिलं नाही, इथे देतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आंगणेवाडी ही मालवण तालुक्यातल्या मसुरे गावाची एक वाडी, आंगण्यांच्या घरांची. भरडावर, म्हणजे माळावर पाषाणरूपात प्रकटली म्हणून देवी भराडी. एरवी वाडीत कोंबडं आरवलं तर पलीकडच्या घरात ऐकू जातं. जत्रेला लाखांनी माणूस लोटतो. आणि या जत्रेला तिथी नाही. भाताची कामं आटोपल्यावर आंगणे मंडळी देवळात जमतात, डाळप नावाचा विधी होतो, पारधीची म्हणजे शिकारीची प्रथा होते, देवीचा कौल घेतात, म्हणजे तिची मर्जी विचारतात, मग दिवस ठरतो. त्यामुळे २०२० ला १७ फेब्रुवारी, २०२२ ला २४ फेब्रुवारी, २०२३ ला ४ फेब्रुवारी आणि २०२४ ला थेट २ मार्च. २०२५ ला २२ फेब्रुवारी. (२०२१, २३, २४, २५ चारही वेळा शनिवार आला, हे कुणाच्या लक्षात आलं का? देवीला चाकरमान्यांची रजा कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी कॅलेंडर उघडून बघावं.)

त्रास होतो, मान्य. मी स्वतः भोगलाय. रेल्वेचं आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलंय. तारीख कळते न कळते तोच कणकवली-कुडाळची वेटिंग लिस्ट भरलेली. एका वर्षी एका खासगी बसवाल्यानं नेहमीच्या तिप्पट भाडं सांगितलं. घासाघीस केली तर म्हणाला, "नको तर नको, मागे रांग आहे." दिलं निमूट.

तरीही तारीख बांधू नये असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण मला माझ्या आत्येच्या स्वयंपाकघरात मिळालं.

आत्ये आंगण्यांच्या घरात दिलेली. जत्रेच्या दिवशी दुपारनंतर तिच्या घरात गेलात तर बायका दिसतात, पण बोलणं ऐकू येत नाही. अंघोळ करून, तोंडाला फडकं बांधून देवीचा प्रसाद रांधतात. तो होईपर्यंत अवाक्षर नाही. चुलीतलं लाकूड तडतडतं तेवढाच आवाज. लहानपणी मी मध्येच जाऊन "आत्ये, पाणी" म्हटलं, तर तिनं नुसता पळीचा दांडा दाराकडे रोखला. डोळे असे, की मी पाण्याविनाच परत. बाहेर लाऊडस्पीकरवर हरवलेल्या पोरांची नावं, खाज्याची दुकानं, आकाशपाळणा, पुढाऱ्यांचे हात जोडलेले दहा-दहा फुटी बॅनर. आत त्या बायका. रात्री घराघरातून ताटं डोक्यावर घेऊन त्या देवळाकडे निघतात, तेव्हा गर्दी आपसूक बाजूला होते. व्हीआयपी रांगेसाठी एवढी वाट मी कधी मोकळी झालेली पाहिली नाही.

हे त्यांचं घरचं कार्य आहे हो. आपण ओटी भरायला जाणारे पाहुणे. पाहुण्यानं यजमानाला "तुमच्या लग्नाचा मुहूर्त आमच्या गाडीप्रमाणे काढा" म्हणायचं नसतं. २०२१ ला कोरोनामुळे ६ मार्चची जत्रा फक्त आंगणे कुटुंबीयांपुरती झाली. बाहेरच्यांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं. आम्ही मुंबईत मोबाइलवर दर्शन घेतलं. आत्येला फोनवर म्हटलं, "यंदा जत्रेक मजा नाय ना?" तर म्हणते, "तुमका मजा नाय. देवीचा सगळा झाला." मला ते जरा लागलंच.

भांडायचं तर जिथे उपयोग आहे तिथे भांडू या. तारीख जाहीर झाली की जत्रेच्या विशेष गाड्या सोडतात, पण त्यांचं वेळापत्रक लवकर लागावं, कणकवलीहून रात्रीच्या एसट्या वाढाव्यात, उतरल्यावर रिक्षावाला म्हणेल ते भाडं द्यायची पाळी येऊ नये. आणि ते बॅनर. त्यांच्यापायी वाडीच्या तोंडाशी देवळाची वाट दाखवणारा बाणसुद्धा दिसत नाही. ह्यावर ग्रुपवर कुणी बोलत नाही, कारण निम्म्या बॅनरांवर खाली आपल्याच भावकीचे फोटो असतात.

काल आत्येला फोन केला. "तारीख ठरली काय गो?"

"नाय अजून."

"अगो, गाडी फुल होतली."

"मगे? तुझी गाडी फुल झाली म्हणान देवीन काय करूचा?"

आईनं ओटीची साडी दसऱ्यालाच घेऊन ठेवलीय, हिरवी. रजेचा अर्ज मी टाइप करून ठेवलाय, तारखेची जागा कोरी सोडून. साहेबांनी दोनदा विचारलं, नक्की कधी? सांगितलं, कौल झाला की कळवतो. ते नागपूरचे आहेत, त्यांना वाटलं घरावरची कौलं बदलायची आहेत.