निगेटिव्ह बल्क मॉड्युलस: सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली, सकाळी परत वाचली. माझ्या पोस्टचा दावा होता की तुकड्याची कड पक्की असेल तर बल्क मॉड्युलस (सगळीकडून सारखं दाबलं तर मटेरियल किती विरोध करतं ते सांगणारा आकडा) निगेटिव्ह असूनही तुकडा टिकू शकतो. तुमचं म्हणणं असं की लिनिअर इलॅस्टिसिटीत (ताण आणि विकृती सम प्रमाणात धरणारा लवचिकतेचा सिद्धांत) एनर्जी क्वाड्रॅटिक, म्हणजे विकृतीच्या वर्गात, ती पॉझिटिव्ह डेफिनिट (कुठल्याही विकृतीला शून्याच्या वर) असली की कॉन्व्हेक्स, म्हणजे वाटीच्या आकाराची झाली, मग क्वासीकॉन्व्हेक्स, रँक-वन कॉन्व्हेक्स या त्याहून सैल अटींचा पसारा उगाच मांडलाय, आणि बल्क मॉड्युलस निगेटिव्ह चालतो हे तर चक्क चूक.

पहिल्यातलं अर्धं बरोबरे. गणितज्ञ श्वेराकनं 1992 ला दाखवलेला या दोन सैल अटींतला फरक मी पोस्टमध्ये घातला, पण क्वाड्रॅटिक एनर्जीला रँक-वन आणि क्वासी एकच पडतात हे लिहायचं राहिलं, ते आजच दुरुस्त करतो.

बल्क मॉड्युलसवर मात्र मी ठाम आहे. म्यू आणि लॅम्डा हे मटेरियलचे दोन इलॅस्टिक स्थिरांक, म्यू 1 घ्या, लॅम्डा उणे 1, म्हणजे बल्क मॉड्युलस (लॅम्डा अधिक दोन तृतीयांश म्यू) उणे एक तृतीयांश. तुकडा तिन्ही दिशांनी सारखा फुगवला, हिशोबापुरता स्ट्रेन (लांबीतला बदल भागिले मूळ लांबी) 1 धरला, तर एनर्जी येते उणे 1.5, म्हणजे मोकळा तुकडा टिकणार नाही, इथपर्यंत तुमचं म्हणणं खरंय. पण तोच तुकडा कडेनं सगळीकडून पक्का चिकटवा. कडेला डिस्प्लेसमेंट शून्य, आता इंटिग्रेशन बाय पार्ट्स करत जा, आतल्या क्रॉस टर्म्स कटून जातात आणि हातात राहतं काय, तर (लॅम्डा अधिक 2 म्यू) गुणिले डायव्हर्जन्सचा (आकारमानातल्या बदलाचा) वर्ग अधिक म्यू गुणिले कर्लचा (आतल्या फिरकीचा) वर्ग, या सगळ्याच्या इंटिग्रलचं निम्मं. आपल्या आकड्यांत दोन्ही गुणक 1! निगेटिव्ह व्हायला जागाच नाही. रँक-वनची अट एवढंच मागते, मटेरियलमधल्या पी (दाबाच्या) आणि एस (आडव्या) दोन्ही लाटांचे वेग खऱ्या संख्येत यावेत. भौतिकशास्त्रज्ञ केल्व्हिननं 1888 ला ईथरसाठी (प्रकाश ज्यातून जातो असं तेव्हा मानलेलं माध्यम) हाच रस्ता धरला होता, कड पक्की असेल तर बल्क मॉड्युलस निगेटिव्ह चालतो म्हणून.

आपल्या अंबड एमआयडीसीतल्या मशीनखालचं रबर माउंट बघितलंय ना? माझ्या टेबलावर तसं एक पडलंय, दोन लोखंडी पट्ट्यांत चिकटवलेलं चपटं रबर. अंगठ्यानं कितीही दाबा, हलत नाही, आणि तेच रबर सुटं कापून घेतलं की सहज दबतं. रबराचा बल्क मॉड्युलस अर्थातच पॉझिटिव्ह, मुद्दा कडेचा आहे, मटेरियल तेच, कड बदलली की उत्तर बदलतं. पॉझिटिव्ह डेफिनिटची अट कुठल्याही कडेला पुरते, म्हणून पुस्तकं तीच देतात, पण पुरेशी म्हणजे गरजेची नव्हे.

आणि एक बाजू जरी मोकळी सोडली तरी माझं उदाहरण गडगडतं, कारण तिथं लॅम्डा अधिक म्यू शून्याच्या वर लागतं आणि माझ्या आकड्यांत ते बरोबर शून्य आहे. तेवढ्यापुरता तुमचा आक्षेप मला मान्य.