पाठलाग, नाकाबंदी आणि बेडी

आण्णा पहिल्यांदाच आमच्याकडं लॉस एंजेलिसला आले होते. संध्याकाळच्या बातम्या मध्येच तोडून टीव्हीवर फ्रीवे दिसायला लागला, हेलिकॉप्टरमधून टिपलेला. पुढं एक राखाडी गाडी, मागं दिवे लावून पोलिसांच्या पाच गाड्या. आण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. साताऱ्याकडच्या घाटांत उभी हयात एसटी चालवलेला माणूस. दुसरा कुणी गाडी चालवत असला तरी यांचा उजवा पाय ब्रेक शोधत असतो.

"अरे, पुढं नाकाबंदी का नाही लावत हे?"

मी सांगितलं की इथं एकेका दिशेला पाच-पाच पदर असतात. भरधाव वाहत्या रस्त्यात आडवं लावलं तर मागच्या गाड्या एकमेकींवर चढतील. त्यांना ते पटलं नाही. तेवढ्यात राखाडी गाडी फ्रीवे सोडून वस्तीत शिरली, सिग्नल तोडला आणि चौकात एका छोट्या निळ्या गाडीला घासून पुढं गेली. निळी गाडी गर्रकन फिरून उलट्या तोंडानं उभी राहिली. कॅमेरा थांबला नाही, तो राखाडी गाडीबरोबर गेला. मग हेलिकॉप्टरची घरघर टीव्हीतून येत होती तशीच छपरावरूनही यायला लागली. ते आमच्याच भागात आलं होतं.

शेवट एका बंद गल्लीत झाला. पोलीस आपापल्या गाड्यांच्या उघड्या दारांआड पिस्तुलं रोखून उभे. हात वर करत एक पोरगा बाहेर आला, विशीतला असेल. त्यानं शर्ट वर उचलून कंबर दाखवली, जागेवर फिरला, पाठमोरा चालत मागं आला, गुडघ्यांवर बसला. बेड्या पडल्या. गोळी सुटली नाही. लगेच हवामानाच्या बातम्या सुरू झाल्या.

"आणि त्या निळ्या गाडीतल्याचं काय झालं?" आण्णांनी विचारलं. टीव्हीवर कुणीच काही सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला होता. नाक्यावरचा हवालदार गाडीच्या बोनेटवर लोंबकळतोय आणि चालक त्याला तसाच फरफटत नेतोय. अशा बातम्या पुण्या-मुंबईला नव्या नाहीत, आणि तो बघून माझंही रक्त तापलं. खाली चुलतभावानं लिहिलं होतं, "अमेरिकेत असता तर पाठलाग करून जागेवरच ठोकला असता." सतरा जणांनी अंगठा दिला. मला त्याला उत्तर द्यायचंय आणि ते ग्रुपवर मावणारं नाही.

पाठलागाची ही अमेरिका मी रोज बघतो. या एकाच शहरातले दोन पाठलाग सांगतो. 3 मार्च 1991, मध्यरात्र उलटून गेलेली. 210 फ्रीवेवरून रॉडनी किंग नावाचा कृष्णवर्णीय तरुण पोलिसांना चुकवत भरधाव पळाला. शेवटी थांबला, गाडीबाहेर आला, आणि पोलिसांनी त्याला जमिनीवर पाडून पन्नासहून जास्त दंडुके घातले. समोरच्या बाल्कनीतून एका रहिवाशानं ते टिपलं. 29 एप्रिल 1992 ला खटल्यातले चारही पोलीस मारहाणीच्या आरोपातून सुटले आणि शहर पेटलं. साठहून जास्त माणसं गेली.

दुसरा 17 जून 1994 चा. दोन खुनांचा आरोप असलेला, अमेरिकन फुटबॉलचा नावाजलेला माजी खेळाडू ओ. जे. सिम्पसन पांढऱ्या ब्रॉन्को गाडीत मागच्या सीटवर स्वतःच्या डोक्याला पिस्तूल लावून बसलेला, गाडी मित्र चालवतोय. मागं पोलिसांचा ताफा, वेग जेमतेम ताशी 55 किलोमीटर. साडेनऊ कोटी लोक टीव्हीसमोर होते. बास्केटबॉलच्या अंतिम फेरीचा सामना वाहिनीनं पडद्याच्या कोपऱ्यात ढकलला. एक तपास अधिकारी फोनवरून त्याला समजावत राहिला. घरासमोर पोहोचल्यावरही पोलीस बराच वेळ थांबले, त्याला आत जाऊन आईला फोन करू दिला, मग अटक केली. पुढं ज्युरीनं त्याला निर्दोष सोडलं, त्यावर इथं अजून वाद होतात. पण त्या रात्री पोलिसांनी जो धीर धरला तो किंगच्या वाट्याला यायला हवा होता. तो श्रीमंत, नावाजलेल्या माणसालाच मिळावा, ही या शहराची जुनी जखम आहे. भावा, जागेवर ठोकणारे पोलीस तुला हवेत, तेव्हा ते कुणाला ठोकतील आणि कुणाच्या दारात थांबतील, हे धरून चाल.

आणि पाठलागात मरतं कोण? 2002 साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या चिको गावात एक अल्पवयीन मुलगी आईला न सांगता तिची गाडी घेऊन निघाली. आईनंच पोलिसांना कळवलं होतं. म्हणजे पोरगी कोण, घर कुठं, सगळं ठाऊक होतं. सकाळी जाऊन दार वाजवता आलं असतं. तरी भरवस्तीत पाठलाग झाला. चौकात तिची गाडी एका कुटुंबाच्या व्हॅनवर आदळली आणि बास्केटबॉलच्या सामन्याला निघालेली पंधरा वर्षांची मुलगी गेली. व्हॅनमधल्या त्या मुलीच्या आईवडिलांनी कायद्यासाठी किती खेटे घातले! 2005 मध्ये कायदा झाला, त्यांना हवा होता त्यापेक्षा मवाळच. तरीही आज या राज्यात पाठलाग कधी करायचा आणि कधी सोडून द्यायचा, हे पोलिसांना लेखी ठरवून दिलेलं असतं, त्याचं प्रशिक्षण असतं. प्रत्येक पाठलागाची नोंद तीस दिवसांत राज्याच्या महामार्ग पोलिसांकडं जाते: का सुरू झाला, कसा संपला, कुणाला लागलं. विधिमंडळाला दरवर्षी अहवाल जातो. निळी गाडी टीव्हीनं सोडली तरी कागदानं सोडायची नाही, एवढी तरी सोय आहे. हेलिकॉप्टरपेक्षा मला गावाकडं हे कागद न्यावेसे वाटतात.

बाकी बेडी कशी घालावी हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. आण्णांनी 'नाकाबंदी' म्हटलं तेव्हा त्यांच्या मनात काय होतं ते मला कळलं होतं. केडंबे आमच्या मेढ्यापासून लांब नाही. तिथल्या तुकाराम ओंबळ्यांनी 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री, बारा वाजून गेल्यावर, गिरगाव चौपाटीला पळवून आणलेली स्कोडा अडवली. वायरलेसवर निरोप आला होता, बॅरिकेड लागले होते. गाडी वळायला गेली आणि दुभाजकाला अडकली. एक अतिरेकी गोळीबारात मेला. दुसऱ्याच्या रायफलची नळी ओंबळ्यांनी हातांनी धरली. त्यांच्याकडं फक्त काठी होती. गोळ्या त्यांनी अंगावर घेतल्या, नळी सोडली नाही, आणि कसाब जिवंत सापडला. सहकाऱ्यांनी त्याला बडवला, पण मारला नाही. तो बोलला म्हणून कट कुठं शिजला ते जगापुढं आलं. खटला चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात फाशी झाली. आपलाच माणूस समोर पडलेला असताना त्या पोलिसांनी जे केलं, त्याहून मोठी अटक मला जगात कुठली ठाऊक नाही.

त्याच महाराष्ट्रात बदलापूरच्या चिमुरड्यांवर अत्याचार केल्याचा आरोप असलेला माणूस 23 सप्टेंबर 2024 ला पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, आणि फटाके वाजले. दोन मुलींचा बाप म्हणून माझ्याही पोटात आग होती. पण जो आधीच ताब्यात होता, त्याच्याबद्दल न्यायालयात एक शब्दही सिद्ध होऊ शकला नाही. त्या मुलींना निकाल मिळालाच नाही. जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीनं पाच पोलिसांना जबाबदार धरलं. त्या गोळीच्या बरोबर दहा वर्षं आधी, 23 सप्टेंबर 2014 ला, सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्याच चकमकींवरून सोळा नियम घालून दिले होते. नियम आपल्याकडंही आहेत. आपण फटाके वाजवतो तेव्हा ते पाळणाऱ्या अधिकाऱ्यालाच एकटं पाडतो. बोनेटवर लोंबकळलेल्या त्या हवालदारासाठी मला शिक्षा हवीय, कडक हवीय, आणि ती त्यानं साक्ष दिल्यावर, न्यायाधीशानं सुनावलेली हवीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा म्हणाले, "तो चौक दाखव." घरापासून अर्ध्या मैलावर होता. गाड्या नेल्या होत्या. गटाराच्या कडेला लाल काचेचा चुरा पडला होता आणि लहान मुलाचा एक बूट, तो कुणाचा ते कळायला मार्ग नव्हता. आण्णांनी बूट उचलून खांबाशी नीट ठेवला, आणि चपलेनं काचा रस्त्यावरून बाजूला सारत राहिले.