गाळणं वेगळं, आंबवणं वेगळं

सकाळी फॅमिली ग्रुपवर भाच्याचा फोटो आला. गळ्यात मेडल, हातात ग्लास. तिकडच्या होमब्रू, म्हणजे घरी केलेल्या बिअरच्या स्पर्धेत त्याच्या बिअरला दुसरा नंबर. पाच मिनिटांत आमच्या एका भाऊजींचा रिप्लाय: ‘अमेरिकेत जाऊन शेवटी हातभट्टीच लावली!’ खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. कडक भाकरी आमटीत मोडत होते, तशीच राहिली.

हेच भाऊजी ड्राय डेच्या आदल्या रात्री पिशवी भरून आणतात. दुकानातली ती सभ्य, होय की नाही?

मी थेंबही घेत नाही. आधीच सांगते, नाहीतर कमेंटमध्ये विचाराल.

मागच्या वर्षी कोलोरॅडोत, डेन्व्हरजवळ भाच्याकडे होते, तेव्हा तो मला त्याच्या क्लबला घेऊन गेला. क्लब कसला, एकाचं गॅरेज. पंधरा-वीस माणसं, निम्मी रिटायर्ड. एकेक बाटली उघडायची, वास घ्यायचा आणि करणाऱ्याच्या तोंडावर दोष सांगायचे. याला लोण्याचा वास, यीस्टचं काम अर्धवट राहिलं. याला हिरव्या सफरचंदाचा, घाई केलीस. कोणी फुगत नाही, वहीत लिहून घेतात. (आमच्याकडे पुरणपोळी जाड झाली म्हणून बघा.) एक ग्लास माझ्या नाकाखाली आला. मी म्हटलं, जास्त दिवस राहिलेल्या आंबिलीसारखा येतोय. झालं! आंबील म्हणजे काय, कशाची, किती दिवस, भांडं कुठलं? आईच्या मडक्यावर मी पाऊण तास बोलले. सोलापुरात एवढी वर्षं गेली, हे मला कोणी विचारलं नव्हतं.

भाऊजी, हातभट्टी गाळतात. गूळ सडवून, नवसागर घालून, भट्टीवर वाफ काढून. बिअर आंबवतात. आपल्या भाषेत दोन शब्द आहेत ते उगाच नाहीत.

आणि तिकडेही हे आयतं मिळालं नाही. १९३३ साली त्यांची दारूबंदी उठली तेव्हा घरच्या वाइनला सवलत मिळाली, घरची बिअर कायद्यात लिहायची राहूनच गेली. ती पंचेचाळीस वर्षं राहिली. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टरनी घरच्या बिअरला परवानगी देणाऱ्या कायद्यावर सही केली. त्याच वर्षी कोलोरॅडोतल्याच बोल्डर गावात चार्ली पपेझियननं घरी बिअर करणाऱ्यांची संघटना काढली. शिकला अणुअभियांत्रिकी, शिकवायचा लहान पोरांना. कायदा असा: घरात एक मोठं माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. विकायची मात्र नाही. तरी अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं २०१३ पर्यंत अडून बसली होती. २००५ साली ब्रूअर्स असोसिएशन झालं आणि घरी करणारे नि छोटे धंदेवाले एका छपराखाली आले. त्यांचा नियम मला फार आवडला: क्राफ्ट ब्रूअर, म्हणजे छोटा स्वतंत्र बिअरवाला, नसलेल्या दारू कंपनीचा २५ टक्के हिस्सा असला, की तुम्ही क्राफ्ट नाही. २०१७ पासून स्वतंत्र असणाऱ्यांना उलट्या बाटलीचा शिक्काही आहे. बाहेरून विणून आलेल्या चादरीवर ‘सोलापुरी’ छापलेलं बघणाऱ्या माणसाला या शिक्क्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

आपल्याकडे? १९४९ चा दारूबंदी कायदा. मोठ्या कारखान्याला लायसन, पुण्यात मॉलमध्ये मायक्रोब्रूअरी, म्हणजे तिथंच बिअर करून विकणारा छोटा कारखाना, आणि घरी हौसेनं पाच लिटर केली तर गुन्हा. मंगळवेढ्याची ज्वारी आपली, जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आपलं, आणि तिची बिअर करून बघायची तर माणसानं कोलोरॅडोला जायचं!

बरं, मान्य. जुन्या चाळीत दारूनं बुडालेला संसार मी भिंतीपलीकडून ऐकलाय. त्या वहिनी अजून मंडईत भेटतात, मेथीची जुडी निवडता निवडता बोलतात, नवऱ्याचं नाव कधी काढत नाहीत. त्यांच्यासमोर ही पोस्ट वाचायची माझी हिंमत नाही. पण त्या गॅरेजातल्या म्हाताऱ्यांनी सबंध संध्याकाळी जेवढी प्यायली, तेवढी भाऊजी लग्नाच्या वरातीआधी संपवतात. हे पण मी बघितलंय.

ग्रुपवर काही लिहिलं नाही. भाच्याला फोन लावला. मेडलचं दोन वाक्यांत उरकून म्हणाला, ‘मावशी, मालदांडी ज्वारी आणलीय इथं, मोड कसे आणू?’

रात्रभर भिजव, म्हटलं. पाणी बदल. ओल्या फडक्यात तीन-चार दिवस ठेव, मग कडक उन्हात वाळव. आणि कोंब चोळून सगळे काढून टाक, एक ठेवू नकोस. कोवळ्या ज्वारीची किराळ, म्हणजे विषबाधा, गुरांना होते, आठवतंय ना आजोबांची गाय?

‘आठवतंय,’ म्हणाला. ‘थांब, लिहून घेतो.’