सर्वांत काळा पोलराइज्ड गॉगल सर्वांत चांगला, हा समज चुकीचा का आहे

कोकण किनाऱ्यावर गळाने मासे धरणाऱ्या हौशी मंडळींमध्ये एक सल्ला पुष्कळ फिरतो: पोलराइज्ड, म्हणजे पाण्यावरची चकाकी गाळणारा, गॉगल घ्यावा आणि तो मिळेल तितक्या काळ्या काचेचा घ्यावा, त्याने अतिनील किरण थांबतात, खोल पाण्यातला मासाही दिसतो, आणि मोबाइलच्या पडद्यासमोर फिरवला की अस्सल-नकली लगेच कळते. यातले 'पोलराइज्ड घ्यावा' एवढे निःसंशय योग्य आहे. बाकीच्या सल्ल्याने मात्र डोळ्यांना अपाय होऊ शकतो.

काचेचा काळेपणा आणि अतिनील किरणांपासूनचे संरक्षण यांचा एकमेकांशी संबंध नाही. पॉलिकार्बोनेट या सहजी न फुटणाऱ्या प्लॅस्टिकची अगदी पारदर्शक, रंगहीन काचही जवळजवळ सर्व अतिनील किरण अडवते, तर साध्या प्लॅस्टिकला गडद रंग देऊन केलेली काच ते आत येऊ देऊ शकते. अशी काच उघड्या डोळ्यांपेक्षाही वाईट ठरू शकते, कारण अंधारामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि डोळेही मिचकावले जात नाहीत. पोलराइज्ड थराचे काम याहून निराळे आहे. पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची कंपने मुख्यतः आडव्या दिशेने होतात, आणि तेवढीच तो थर गाळतो. चांगल्या बनावटीच्या गॉगलमध्ये दोन्ही गुण असतात, त्यामुळेच एक असला की दुसरा असणारच असा समज झाला असावा. खरेदी करताना '४०० नॅनोमीटरपर्यंत संरक्षण', म्हणजेच 'यूव्ही ४००', असा उल्लेख स्वतंत्रपणे पाहावा आणि शक्य असल्यास चष्म्याच्या दुकानातील मापकावर काच तपासून घ्यावी. वर्षानुवर्षे समुद्रावर उन्हात वावरणाऱ्यांच्या डोळ्यांत मांस वाढून ते बुबुळावर सरकते, त्यामागे अतिनील किरण हे एक प्रमुख कारण मानले जाते.

काळेपणाचा तोटा इथेच संपत नाही. गॉगलच्या काचांची प्रकाश आत सोडण्यानुसार ० ते ४ अशी प्रतवारी असते. तिसऱ्या श्रेणीची काच ८ ते १८ टक्के प्रकाश सोडते आणि भर दुपारच्या समुद्राला ती पुरेशी असते. चौथ्या श्रेणीची काच ३ ते ८ टक्केच सोडते, आणि ती लावून वाहन चालवणे धोक्याचे म्हणून वर्ज्य मानले जाते. म्हणजे किनाऱ्यावरून दुचाकीने घरी निघालेल्या माणसाला ती उतरवावीच लागेल. शिवाय गळाला मासा लागण्याची चांगली वेळ बहुधा पहाटेची आणि तिन्हीसांजेची. त्या उजेडात काळ्या काचेतून शेवाळलेला कातळ आणि त्यामधली भेग नीट दिसत नाही, आणि पाय घसरण्यासाठी तेवढे पुरेसे आहे. अशा वेळी तांबूस किंवा फिकट पिंगट काच कितीतरी उपयोगी पडते.

खोलवरच्या माशाबद्दल सांगायचे, तर गॉगल पृष्ठभागावरची चकाकी कमी करतो, गढूळपणा कमी करत नाही. पावसाळ्यानंतर मालवण-तारकर्लीच्या नितळ पाण्यात बुडालेला खडक आणि त्याच्या कडेने फिरणारा मासा स्पष्ट दिसतो. खाडीच्या मुखाशी गाळ ढवळलेला असताना कितीही महाग गॉगल तेथे निरुपयोगी ठरतो. नितळ पाण्यातही कोनाला महत्त्व आहे. नजर पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन करते तेव्हा चकाकी सर्वाधिक गाळली जाते. डोळे पाण्यापासून तीन मीटर उंच असतील तर हे स्थान साधारण चार मीटर अंतरावर येते. होडीच्या अगदी खाली पाहताना मात्र फारसा फरक पडत नाही. लाटेचा उतार तिरका असल्याने मान किंचित कलती केली की एखादा झाकोळलेला भाग उघडा पडतो, हे प्रत्यक्ष करून पाहण्यासारखे आहे.

मोबाइलच्या चाचणीत काच फिरवताना पडदा काळा पडला, तर ती पोलराइज्ड आहे एवढेच कळते, अतिनील किरणांविषयी काहीही कळत नाही. त्यातही काही पडद्यांवर वेगळा थर असल्याने अस्सल गॉगल फिरवूनही पडदा काळा पडत नाही. होडीवर मासे शोधणारे यंत्र किंवा जीपीएस असेल, तर त्याचा पडदा गॉगलमधून सरळ आणि तिरक्या मानेने वाचता येतो का, हे अवश्य पाहावे.

या सल्ल्यात ज्याचा उल्लेखच नसतो ती गोष्ट म्हणजे चौकट. समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परावर्तित करतो, आणि हा प्रकाश खालून व बाजूंनी येतो. त्यामुळे कानशिलापर्यंत वळलेली, चेहऱ्याला बिलगणारी चौकट घ्यावी. काच पॉलिकार्बोनेटची असावी, कारण अडकलेला गळ ओढताना सुटला, तर दोरीला बांधलेले शिशाचे वजन थेट तोंडावर येते.