खात्यातून थेट पैसे घेणं खरंच धोक्याचं आहे का?

सध्या एक सल्ला फिरतोय: “ऑनलाइन दुकानात बँक खात्यातून थेट पैसे भरायचा पर्याय ठेवू नका. तो असुरक्षित आहे, लोकांना कार्डच हवं असतं, गेलेले पैसे परत येत नाहीत आणि पर्याय वाढले की गिऱ्हाईक गोंधळतं.” मी दुकानांसाठी पेमेंटची जोडणी करते, म्हणून यावर बोलणं मला भाग आहे.

आधी सुरक्षिततेचं. कार्डाने पैसे भरताना ग्राहक कार्डाचा लांबलचक नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे दुकानाच्या पानावर टाइप करतो. ते चोरीला गेले, तर चोर दुसरीकडे खरेदी करून बघू शकतो. थेट पेमेंटमध्ये बँकेचं ॲप उघडतं, दुकानाचं नाव आणि रक्कम आधीच भरलेली असते, ग्राहक पिन किंवा बोटाचा ठसा देतो आणि दुकानाच्या पानावर परततो. पिन दुकानाला कळतच नाही. खरा धोका वेगळाच आहे: भामटा गोड बोलून ग्राहकालाच पैसे पाठवायला लावतो. म्हणूनच युरो वापरणाऱ्या देशांत ऑक्टोबर २०२५ पासून, पैसे जाण्याआधी घेणाऱ्याचं नाव आणि खातं जुळतं का हे दाखवणं बँकांना बंधनकारक झालं.

‘लोकांना कार्डच हवं’ हे तर सरळ चूक. नेदरलँड्समध्ये २००५ पासून आयडील ही खात्यातून थेट पैसे भरायची सोय आहे आणि तिथली बहुतेक ऑनलाइन खरेदी त्यावरच होते. भारतात यूपीआय २०१६ मध्ये आलं, ब्राझीलमध्ये तशीच पिक्स ही सोय २०२० मध्ये; दोन्हीकडे लोकांनी ते भराभर उचललं.

पैसे परत मिळण्याच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. दुकान स्वतःहून रिफंड कधीही देऊ शकतं, त्यात अडचण नाही. पण माल आलाच नाही आणि दुकानदाराने हात वर केले, तर कार्डवाल्याला बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे दुकानाकडून पैसे परत खेचून आणणं, मागता येतो. थेट पेमेंटला सहसा ही सोय नसते. ब्राझीलने २०२१ मध्ये पैसे परत मिळवण्याची व्यवस्था आणली, तीही फसवणूक आणि तांत्रिक चुकांपुरती; मालाच्या तक्रारीसाठी नाही. अनोळखी दुकानातून महागडी वस्तू घेताना मीसुद्धा कार्डच काढते. पण यावरून कार्डही ठेवा एवढंच ठरतं. थेट पेमेंट काढून टाका, असं कसं ठरेल? ज्यांच्याकडे क्रेडिट कार्ड नाही, त्यांनी काय करायचं? शिवाय कार्डाच्या प्रत्येक विक्रीतून बँक, कार्ड कंपनी आणि व्यवहार पार पाडणारी मधली कंपनी आपापला वाटा कापतात. कमी नफ्यावर चालणाऱ्या दुकानाला ते चांगलंच जाणवतं.

गोंधळाचं म्हणाल, तर दहा लोगो एका रांगेत लावले की कुणीही बिचकेल. दोन-तीन पर्याय ठेवा आणि ‘बँक खात्यातून भरा’ असं साध्या शब्दांत लिहा.

याहून मोठा गोंधळ जोडणीत होतो, आणि त्याबद्दल हा सल्ला अवाक्षर काढत नाही. ग्राहकाने बँकेच्या ॲपमध्ये मंजुरी दिली आणि तेवढ्यात फोनची बॅटरी संपली. पैसे गेले, पण तो दुकानाच्या पानावर परतलाच नाही. दुकान त्याच्या परतण्यावरच अवलंबून असेल, तर ऑर्डर ‘पेमेंट बाकी’ म्हणून अडकते आणि बिचारा पुन्हा पैसे भरतो. म्हणून पेमेंट सेवेकडून दुकानाच्या सर्व्हरला थेट येणारा निरोप हाच पुरावा धरा. ग्राहकाने पाठवलेला स्क्रीनशॉट बघून माल सोडू नका, आणि एकाच ऑर्डरचे पैसे दोनदा आले, तर त्याने विचारण्याआधी परत पाठवा.