पाणी तोडून गादी वाचत नाही

नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला: ‘घरातल्या वृद्धांना संध्याकाळी सहानंतर पाणी देऊ नका. या वयात लघवी सुटायचीच, इलाज नाही. डायपर लावला की सोफा-गादी सुरक्षित. डाग पडलाच तर ब्लीच मारा.’ खाली नमस्कारांची रांग. सासूबाईंचं चार वर्षं करतेय, म्हणून लिहिते.

पाण्याचा प्रयोग आम्हीही केला होता. आठवड्याभरात आईंची लघवी गर्द पिवळी, वास उग्र, शौचाला खडा. एका रात्री त्या मलाच विचारू लागल्या, "तू कोणाची गं?" तपासलं तर लघवीचं इन्फेक्शन. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, मूत्राशयाला झोंबते आणि घाई उलट वाढते. त्यात पोट साफ नसेल तर भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं. झोपायच्या आधी दोनेक तास चहा-पाणी आवरतं घ्या, पण दिवसाचं पाणी दिवसा पोटात गेलंच पाहिजे. (हृदयाच्या किंवा किडनीच्या दुखण्यामुळे पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल, तर डॉक्टरांचंच ऐका.)

आणि रात्रीची लघवी कित्येकदा त्या शेवटच्या फुलपात्राची नसतेच. दिवसभर पाय खाली सोडून बसलं की घोट्यांवर सूज उतरते. आडवं झाल्यावर तेच पाणी रक्तात परततं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. आईंच्या घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहायचा. दुपारी पाय उशीवर ठेवायला लागलो, लघवी जास्त होण्याची गोळी किती वाजता द्यायची ते डॉक्टरांना विचारून बदललं. रात्रीच्या चार फेऱ्या दोनवर आल्या.

‘इलाज नाही’ हे तर साफ खोटं. वयाबरोबर त्रास वाढतो, कबूल. पण इन्फेक्शन, मधुमेह, पुरुषांत वाढलेलं प्रोस्टेट, एखादी गोळी, असं कारण सापडलं तर पुष्कळ आटोक्यात येतं. कधी घोळ मूत्राशयाचा नसतोच: गुडघे धरलेले, संडास पॅसेजच्या टोकाला आणि परकराची गाठ सुटता सुटत नाही. आम्ही नाडीच्या जागी इलॅस्टिक घातलं, पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवली, झिरोचा दिवा लावला. दर दोन-अडीच तासांनी, "आई, जाऊन येऊ या का?"

डायपरला माझा विरोध नाही. रात्री आणि प्रवासात तो हवाच. पण ओला डायपर तासन्‌तास राहिला की जांघेतली कातडी सोलवटते. दर वेळी पुसून, कोरडं करून झिंकचं मलम लावा. पावडर नको, घड्यांमध्ये तिचे गोळे होतात. शिवाय कडेने गळतंच. म्हणून गादीवर मेणकापड आणि त्यावर जुन्या सुती लुगड्याची जाड घडी, दोन्ही बाजूंनी खोचलेली. पहाटे तीनला फक्त घडी ओढायची, दुसरी घालायची. नुसत्या प्लॅस्टिकवर कुणाला झोपवू नका, घामाने पाठ उकलते. सोफ्यावरही हाच थर.

ब्लीच मात्र खरंच धोक्याचं. लघवीतल्या अमोनियाशी त्याचा विषारी वायू होतो. बंद खोलीत म्हाताऱ्या माणसाचा श्वास कोंडेल. डाग चोळू नका, जुन्या टॉवेलने दाबून ओल टिपा. व्हिनेगर-पाणी शिंपडा (ब्लीच मारलेल्या जागी तेही चालत नाही), वाळलं की खाण्याचा सोडा रात्रभर, सकाळी झटकून गादी उन्हात. पावसाळ्यात पंख्यावर भागवायचं.

आमच्या सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात एक फिकट डाग राहिलाच आहे. आई तिथेच बसतात, हाताशी पाण्याची बाटली घेऊन.