पायलटच्या चार पट्ट्या आणि व्हॉट्सॲपचं ज्ञान

'पहिली पट्टी ज्ञानाची, दुसरी कौशल्याची, तिसरी अनुभवाची, चौथी जबाबदारीची.' पायलटच्या खांद्यावरच्या पट्ट्यांचा हा फॉरवर्ड काही मरत नाही. अर्थ गोड आहे, पण मागाहून चिकटवलेला. पट्ट्या सुट्या वाचायच्याच नसतात. चार म्हणजे कॅप्टन, तीन म्हणजे फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक). दोन बहुधा ज्युनियरच्या, पण ते कंपनीगणिक बदलतं.

हे सगळं आलं बोटींवरून. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅन अमेरिकन कंपनीने पाण्यावर उतरणारी सिकोर्स्की विमानं चालवायला घेतली आणि वैमानिकांची चामडी जाकिटं जाऊन जहाजी अधिकाऱ्यांचा थाट आला. कॅप्टन, फर्स्ट ऑफिसर ही पदंही जहाजावरचीच. (लष्करातल्या कॅप्टनशी गल्लत नको. त्याच्या खांद्यावर तीन तारे असतात, आणि चार पट्ट्यांचा नौदलाचा कॅप्टन थेट कर्नलच्या बरोबरीचा.)

खरी गोची लायसन्सची. पट्टी देते कंपनी, लायसन्स देतं डीजीसीए, म्हणजे सरकारचं नागरी विमान वाहतूक खातं. किमान २०० तास उड्डाण झालं की सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) मिळू शकतं, एटीपीएलला (त्याच्या वरचं, एअरलाइन कॅप्टनला लागणारं लायसन्स) १५०० तास लागतात. पण एटीपीएल खिशात असलं तरी कंपनी कमांड (कॅप्टनपद) देईपर्यंत खांद्यावर तीनच. बारामती-गोंदियाच्या फ्लाइंग स्कूलमधल्या मुलांच्या पट्ट्या तर निव्वळ संस्थेचा गणवेश. त्यावरून 'पायलट झाला' म्हणून पेढे वाटू नका.

कॉकपिटमध्ये कधी दोघंही चार पट्ट्यांचे असतात. कधी डावीकडे, म्हणजे कॅप्टनच्या जागेवर, कमांडचं ट्रेनिंग घेणारा तीन पट्ट्यांचा आणि उजवीकडे त्याला शिकवणारा कॅप्टन. त्या फ्लाइटचा प्रमुख कोण, हे कागदावर ठरलेलं असतं. लँडिंगही कॅप्टनच करतो असं नाही. दोघं आलटून पालटून विमान उडवतात, त्यामुळे धाडकन टेकलं की शिव्या नेमक्या कुणाला घालायच्या हे पट्ट्या बघून कळत नाही!

नव्याने घालणाऱ्यांसाठी: एपोलेट (पट्ट्या लावलेली कापडी खोळ) शर्टाच्या खांदपट्टीवर सरकवून कॉलरजवळचं बटण लावायचं, पट्ट्या बाहेरच्या टोकाला. उलटं घातलेलं लांबूनही दिसतं. धुण्याआधी काढायचं. जरीवर थेट गरम इस्त्री फिरवली तर नायलॉनचा धागा आकसतो, आणि मुंबईच्या घामात स्वस्त जर लवकर काळी पडते. सीटबेल्टचे खांद्यावरचे पट्टे घासतात ते वेगळंच. जादा जोडी बॅगेत ठेवावीच.

एपोलेट ऑनलाइन कुणालाही मिळतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्ली विमानतळावर परदेशी कंपनीच्या कॅप्टनच्या वेशात फिरणारा तोतया पकडला गेला होता. म्हणून गेटवर सीआयएसएफचा जवान कॅप्टनलाही पासच विचारतो. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही.